पॅकेजमधला बदल तपासताना : वाचकांचे प्रश्न

डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या पॅकेजांमधले बदल कसे तपासायचे, याबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतल्या वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच मुद्द्याची पत्रं एकत्र केली आहेत. कमांड आणि फायलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.

प्रश्न : ऑफिसात रोज सहकाऱ्यांचा कोड तपासतो. आता डेबियनच्या पॅकेजांचा रिव्ह्यू करायला हातभार लावायचा आहे. यात वेगळं काय असतं आणि सुरुवात कुठून करू? (ऐरोली)

ऑफिसात तुम्ही प्रोग्राम तपासता. इथे तो प्रोग्राम हजारो अनोळखी मशीनवर कसा जाऊन बसतो, अपग्रेड कसा होतो आणि काढून टाकल्यावर मागे काय ठेवतो, हे तपासायचं असतं. मूळ कोड अपस्ट्रीमचा, म्हणजे तो प्रोग्राम लिहिणाऱ्या प्रकल्पाचा. डेबियनमध्ये ते पॅकेज सांभाळणारा मेंटेनर त्याला 'डेबियन' नावाची एक डिरेक्टरी जोडतो. कंट्रोल, रूल्स, चेंजलॉग, कॉपीराइट, पॅचेस आणि इन्स्टॉलच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्ट या सगळ्या तिथे असतात. बहुतेक गडबडी त्या छोट्या डिरेक्टरीतच होतात.

आधी 'डेबस्क्रिप्ट्स' हे पॅकेज टाका. त्यातल्या 'डीगेट'ने जुन्या आणि नव्या आवृत्तीची सोर्स उतरवा. जुनी आवृत्ती मुख्य आर्काइव्हमधून गेली असेल तर डेबियनच्या स्नॅपशॉट साठ्यात मिळते. मग दोन्ही डीएससी फायली (सोर्स पॅकेजचं वर्णन करणाऱ्या) 'डेबडिफ'ला द्या आणि निघालेला फरक, म्हणजे डिफ, एका फाईलमध्ये साठवा. तो लगेच वाचायला बसू नका. आधी 'डिफस्टॅट' चालवून कुठल्या फाईलमध्ये किती ओळी बदलल्या ते बघा. अपस्ट्रीमची नवी आवृत्ती असेल तर आकडा सहज काही हजारांत जातो, आणि त्यातला मोठा भाग आपोआप तयार झालेल्या कॉन्फिगर, मेकफाईल आणि भाषांतराच्या फायलींचा असतो. 'फिल्टरडिफ'ने त्या बाजूला काढा. बाजूला काढलेलंही नंतर बघायचंच आहे. ते का, हे घोडबंदर रोडच्या पत्राच्या उत्तरात येईल.

आता चेंजलॉग उघडा आणि नव्या नोंदीतला प्रत्येक दावा कागदावर वेगळ्या ओळीत उतरवा. मग डिफचा एकेक तुकडा घेऊन तो कुठल्या दाव्याखाली येतो ते लिहीत जा. शेवटी दोन प्रकारची शिल्लक राहते. एक, चेंजलॉगमध्ये दावा आहे पण डिफमध्ये त्याचं काहीच नाही. दोन, डिफमध्ये बदल आहे पण त्याला चेंजलॉगमध्ये कुणी वाली नाही. दुसऱ्या प्रकारचे बेवारस बदल बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात, पण प्रत्येकाबद्दल मेंटेनरला विचारायचं. डोक्यातल्या डोक्यात ही जुळणी करता येईल असं वाटतं, पण पन्नासाव्या तुकड्यानंतर डोळे नुसते सरकत जातात. म्हणून कागद हवाच.

कंट्रोल फाईलमध्ये सगळ्यात जास्त चुका होतात त्या एखादी फाईल एका पॅकेजमधून दुसऱ्यात हलवताना. समजा २.३-५ या आवृत्तीत एक मॅन पेज 'कॉमन' पॅकेजमधून मुख्य पॅकेजात आलं. नव्या मुख्य पॅकेजने जुन्या कॉमनसाठी 'ब्रेक्स' आणि 'रिप्लेसेस' ही दोन्ही बंधनं जाहीर केली नाहीत, तर अपग्रेडच्या मध्येच पॅकेजं बसवणारा डीपीकेजी 'ही फाईल दुसऱ्या पॅकेजातही आहे' म्हणून थांबतो. बंधनातली आवृत्तीही नीट बघा. '२.३-५ पेक्षा लहान' असं लिहिण्यापेक्षा '२.३-५~ पेक्षा लहान' असं हवं. डेबियनच्या हिशेबात टिल्डा (~) लागलेली आवृत्ती तिच्याशिवायच्या आवृत्तीच्या आधी येते. त्यामुळे बॅकपोर्ट केलेली (स्टेबल या स्थिर शाखेसाठी मागे नेलेली) २.३-५~बीपीओ१३+१ ही आवृत्ती २.३-५ पेक्षा लहान ठरते आणि टिल्डा विसरलात तर बंधन त्या बॅकपोर्टलाच जाऊन अडवतं. शंका आली की डीपीकेजीच्या आवृत्ती-तुलनेच्या पर्यायाने तपासून घ्या, अंदाज करू नका.

डेबहेल्पर या पॅकेज बांधणाऱ्या साधनाची कंपॅट पातळी, म्हणजे त्याच्या नियमांची आवृत्ती, वाढवणं हा एका आकड्याचा बदल दिसतो, पण वागणं पुष्कळ बदलतं. १० पासून बिल्ड आपोआप समांतर चालतं आणि ऑटोरिकॉन्फ होतं, म्हणजे कॉन्फिगर फाईल नव्याने बनते. १३ मध्ये अपस्ट्रीमने इन्स्टॉल केलेली फाईल कुठल्याच पॅकेजात गेली नाही तर बिल्ड फसतं. म्हणून हा आकडा बदललेला दिसला की बायनरीची तुलना केल्याशिवाय होकार देऊ नका. दोन्ही आवृत्त्या बिल्ड करा आणि आता डेबडिफला सोर्सऐवजी तयार झालेल्या चेंजेस फायली (बिल्डमधून निघालेल्या पॅकेजांच्या याद्या) द्या. कुठली फाईल गायब झाली, कुठली डिपेंडन्सी वाढली, हे तो दाखवतो. सिस्टिमडीची (सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेची) युनिट फाईल हरवलेली सोर्सच्या डिफमध्ये कधीच दिसत नाही. ती इथे दिसते.

प्रश्न : माझ्याकडे ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आणि उबुंटू आहे. बिल्डसाठी वेगळं मशीन लागेल का? (सानपाडा, नवी मुंबई)

नाही. पण रोजच्या सिस्टिमवर थेट बिल्ड करू नका. तिथे वर्षभरात टाकलेली शंभर डेव्हलपमेंट पॅकेजं आधीच असतात, त्यामुळे कंट्रोलमध्ये राहून गेलेली बिल्ड-डिपेंडन्सी लक्षात येत नाही. 'एमएमडीबूटस्ट्रॅप'ने अनस्टेबलचं, म्हणजे डेबियनच्या सतत बदलत्या शाखेचं, किमान रूट (वेगळी छोटी फाईल सिस्टिम) तयार करा आणि 'एसबिल्ड' त्याच्या अनशेअर पद्धतीने चालवा. यात रूट यूजरचा पासवर्डही लागत नाही. प्रत्येक बिल्डला कोरी जागा मिळते, काम संपलं की ती पुसली जाते. बिल्ड चालू असताना नेटवर्क बंद ठेवा. बिल्डमध्ये गुपचूप इंटरनेटवरून काही उतरवणारं पॅकेज लगेच पकडलं जातं, कारण डेबियनमध्ये मुख्य विभागाच्या पॅकेजला ते चालत नाही.

डिस्कवर २० ते ३० जीबी जागा मोकळी ठेवा. 'ॲप्ट-कॅशर-एनजी' बसवलंत तर तीच पॅकेजं पुन्हा पुन्हा उतरवावी लागत नाहीत, महिन्याचा डेटा वाचतो. समांतर कामं दोनच ठेवा. सी++ च्या मोठ्या फायली एकेका कंपायलरला एक-दीड जीबी रॅम खायला लावतात आणि चार एकदम चालले की मशीन स्वॅपमध्ये अडकतं. ब्राउझर किंवा लिबरऑफिस हाती घेऊ नका. पायथनची लहान मोड्यूल, फॉन्ट, कमांड-लाइनची छोटी साधनं या लॅपटॉपला सहज झेपतात.

प्रश्न : एका सर्व्हर पॅकेजच्या पोस्टइन्स्टमध्ये (बसवल्यावर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) तीन गोष्टी वाढवल्या आहेत : सिस्टिम यूजर तयार करणं, व्हार-लिबमधली डिरेक्टरी आतल्या फायलींसकट त्याच्या नावावर करणं, आणि सर्व्हिस रीस्टार्ट करणं. बसवून पाहिलं, नीट बसलं. आणखी काय बघायचं? (कोपरखैरणे)

एकदा बसवून पाहिलंत म्हणजे एकच वाट तपासली. पोस्टइन्स्ट रूटच्या अधिकाराने चालते आणि ती अनेक वेळा चालते. पहिल्यांदा बसवताना डीपीकेजी तिला 'कॉन्फिगर' हा शब्द देतो आणि पुढची जागा रिकामी असते. अपग्रेडला त्याच जागी जुनी आवृत्ती येते. अपग्रेड अर्धवट फसला तर 'ॲबॉर्ट' ने सुरू होणारे वेगळेच शब्द येतात. शिवाय मध्येच वीज गेली तर तीच स्क्रिप्ट पुन्हा पहिल्यापासून चालते. म्हणून प्रत्येक ओळीला विचारायचं : तू दुसऱ्यांदा चाललीस तर काय होईल?

यूजर 'यूजरॲड'ने तयार केला असेल तर दुसऱ्या वेळी 'यूजर आधीच आहे' म्हणून ती कमांड फसते. 'सेट -ई' (चूक झाली की थांब, ही सूचना) असल्यामुळे स्क्रिप्ट तिथेच थांबते, पॅकेज अर्धवट कॉन्फिगर राहतं आणि त्यानंतर ॲप्टची पुढची सगळी कामं अडून बसतात. यावर 'सेट -ई' काढून टाकणं हा उपाय नव्हे, कारण मग खरी चूकसुद्धा झाकली जाते. 'ॲडयूजर'चा सिस्टिम पर्याय वापरा. तसा सिस्टिम यूजर आधीच असेल तर तो तक्रार करत नाही.

तुमच्या पॅचमधली खरी काळजीची ओळ मालकी बदलणारी आहे. 'चोन' उतरंडीने, म्हणजे आर पर्यायासह, प्रत्येक अपग्रेडला चालतोय. ती डिरेक्टरी आता सर्व्हिसच्या यूजरच्या ताब्यात आहे. कुणी त्या सर्व्हिसमध्ये घुसलं तर त्याच डिस्कवरच्या रूटच्या एखाद्या फाईलची हार्डलिंक (त्याच फाईलला दुसरं नाव) तिथे करून ठेवू शकतं. पुढच्या अपग्रेडला पोस्टइन्स्ट स्वतःच्या हाताने ती फाईल त्याच्या नावावर करून देईल. कर्नलचं हार्डलिंक संरक्षण डेबियनमध्ये चालू असतं आणि ते हा मार्ग रोखतं. पण पॅकेजने त्याच्या भरवशावर राहू नये. शिवाय ॲडमिनने मुद्दाम वेगळी ठेवलेली मालकीही यात पुसली जाते. उतरंड काढा. फक्त वरच्या डिरेक्टरीची मालकी बदला, तीही पहिल्यांदा बसवतानाच, आणि त्याआधी ॲडमिनने 'डीपीकेजी-स्टॅटओव्हरराइड'मध्ये काही नोंदवलंय का ते विचारून.

रीस्टार्टसाठी सिस्टिमसीटीएल थेट लिहू नका. सिस्टिमडी चालू नसलेल्या कंटेनरमध्ये ती कमांड फसते. आणि सर्व्हिस सुरू करू नये असं ॲडमिनने पॉलिसी फाईलमध्ये सांगितलं असेल तर तेही ती जुमानत नाही. हे काम डेबहेल्पर करतो. त्याला फक्त स्क्रिप्टमध्ये दोन बाजूंना हॅशची खूण असलेली 'डेबहेल्पर' ही ओळ लागते. पत्रासोबतच्या तुमच्या स्क्रिप्टमध्ये तीच ओळ नाही. म्हणजे डेबहेल्पर जे तुकडे आपोआप घालतो, ते यात कुठेच गेलेले नाहीत. आधी ही ओळ घाला, मग तुमच्या हाताने लिहिलेल्यातलं किती उरतं ते बघा.

चाचणी अशी करा : कोऱ्या रूटमध्ये बसवा, तेच पुन्हा बसवा, स्टेबलमधल्या आवृत्तीवरून अपग्रेड करा, काढून पुन्हा बसवा, आणि शेवटी पर्ज करा, म्हणजे कॉन्फिगरेशनसकट काढून टाका. 'पियुपार्ट्स' यातलं बरंच आपोआप करतो आणि मागे राहिलेल्या फायलींची यादी देतो. पर्जच्या वेळी डिपेंडन्सी आधीच निघून गेलेल्या असू शकतात, तेव्हा काढल्यावर चालणाऱ्या पोस्टआरएम स्क्रिप्टमध्ये अत्यावश्यक पॅकेजांपलीकडची कमांड 'ती आहे का' हे न बघता चालवलेली दिसली तर लगेच खूण करा.

प्रश्न : मेमरी तपासणाऱ्या साधनाची वॉर्निंग बंद करण्यासाठी एकाने दोन ओळी काढून टाकणारा पॅच दिला आहे. टेस्ट सगळ्या पास होतात. एवढ्या छोट्या पॅचला किती वेळ द्यायचा? (वाशी, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी)

हवा तितका. नेमका असाच पॅच डेबियनच्या इतिहासात आहे आणि प्रत्येक रिव्ह्यूअरला तो माहीत हवा. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतल्या रँडम नंबर तयार करणाऱ्या कोडबद्दल व्हॅलग्राइंड हे साधन 'न भरलेली मेमरी वाचली जातेय' अशी तक्रार करायचं. ती थांबवण्यासाठी २००६ मध्ये ०.९.८सी-१ या आवृत्तीत दोन ओळी बंद केल्या गेल्या. दोन्ही ओळींत एकाच फंक्शनला हाक होती. पण त्यातली एक जागा अशी होती की बाहेरून आलेली सगळी यादृच्छिकता तिथूनच साठ्यात मिसळली जायची. ती गेली आणि बदलणारी गोष्ट म्हणून जवळपास प्रोसेसचा क्रमांकच उरला, जो साधारणतः ३२,७६८ च्या पुढे जात नसे. १३ मे २००८ रोजी हे जाहीर झालं. मधल्या काळात डेबियन आणि त्यावर उभ्या सिस्टिमवर तयार झालेल्या एसएसएच आणि एसएसएलच्या किल्ल्या अंदाजाने काढता येण्यासारख्या होत्या, त्या बदलाव्या लागल्या. त्या काळात टेस्ट पासच होत होत्या. किल्ल्या तयार व्हायच्या, कनेक्शन जुळायचं. रँडम नंबर पुरेसे रँडम आहेत की नाहीत, हे एखाददुसरा चालवून दिसत नाही.

तेव्हा तुमच्या पॅचला तीन प्रश्न विचारा. काढलेल्या ओळीचा परिणाम पुढे कोण वाचतं? गिटच्या ब्लेममध्ये ती ओळ कुणी, कशासाठी घातली होती? आणि पॅच अपस्ट्रीमला पाठवलाय का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पॅचच्या डोक्यावरच्या 'फॉरवर्डेड' या रकान्यात असायला हवं. तिथे 'नाही' लिहिलं असेल आणि कोड क्रिप्टोग्राफी, पासवर्ड किंवा परवानग्यांचा असेल, तर अपस्ट्रीमचं उत्तर येईपर्यंत पॅच थांबवा. नुसती वॉर्निंग महिनाभर दिसत राहिली तर कुणाचं नुकसान होत नाही.

प्रश्न : गिटमधला कोड वाचला, ठीक वाटला. अपस्ट्रीमने दिलेला टारबॉल (सोर्सचा गठ्ठा) वेगळा वाचायची खरंच गरज आहे का? त्यावर सही तर असते. (घोडबंदर रोड, ठाणे)

गरज आहे, आणि एक्सझेड युटिल्स या कॉम्प्रेशनच्या साधनाच्या प्रकरणात सहीने काहीच वाचवलं नाही, कारण सही करणारा अधिकृत सह-मेंटेनरच होता. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने त्यातलं मागचं दार, म्हणजे बाहेरच्याला गुपचूप आत घेणारा कोड, उघड केलं. डेबियन अनस्टेबलवर एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि सीपीयू विनाकारण वापरला जातोय, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्याचा माग काढत ते एक्सझेडच्याच लिबएलझेडएमए लायब्ररीपर्यंत पोचले. ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्यांमध्ये मागचं दार होतं.

रिव्ह्यूअरच्या दृष्टीने त्याची मांडणी समजून घ्या. मुख्य घातक भाग टेस्टसाठीच्या दोन कॉम्प्रेस्ड फायलींत लपवला होता. त्या गिटमध्येच होत्या, पण बायनरी टेस्ट फाईल कोण उघडून बघतो? त्यांना जागं करणारी 'बिल्ड-टू-होस्ट' नावाची एम४ फाईल (कॉन्फिगर जिच्यापासून बनते ती) मात्र बदललेल्या रूपात फक्त टारबॉलमध्ये होती. बिल्ड ६४-बिट इंटेल लिनक्सवर आणि डेब किंवा आरपीएम पॅकेजसाठी चाललंय अशी खात्री पटली तरच ते काम सुरू करायचं. मूळ ओपनएसएसएच लिबएलझेडएमए वापरतही नाही. काही वितरणांनी सिस्टिमडीला सूचना देण्यासाठी लावलेल्या पॅचमुळे ती लायब्ररी एसएसएचडी या लॉगिन सर्व्हरमध्ये येत होती.

'आम्ही ऑटोरिकॉन्फ करतो, जुनी कॉन्फिगर फाईल टाकूनच देतो,' असं अनेकांना वाटत होतं. पण ऑटोरिकॉन्फ टारबॉलमधल्या एम४ फायलींपासूनच नवी कॉन्फिगर बनवतो. आणि त्या फाईलवर सीरियल क्रमांक मूळ फाईलपेक्षा मोठा टाकलेला होता, म्हणजे साधनाच्या लेखी तीच नवी.

तेव्हा प्रत्यक्ष करायचं ते असं. कंट्रोल किंवा वॉच फाईलवरून अपस्ट्रीमचं गिट शोधा आणि त्या आवृत्तीच्या टॅगवरून 'गिट आर्काइव्ह'ने स्वतः टारबॉल बनवा. युस्कॅनने उतरवलेला अधिकृत टारबॉल शेजारी उलगडा. दोघांवर उतरंडीचा डिफ चालवा. ऑटोटूल्सचा प्रकल्प असेल तर कॉन्फिगर, मेकफाईल-इन, एसीलोकल अशा फायली फक्त टारबॉलमध्ये सापडतील, ते अपेक्षितच आहे. थांबायचं ते दोन ठिकाणी : दोन्हीकडे असलेली पण वेगळी फाईल, आणि वरच्या अपेक्षित फायली सोडून टारबॉलमध्येच असलेली एम४ किंवा शेल फाईल. अशी एम४ फाईल दिसली की तिचं मूळ बहुधा ग्नूलिब किंवा ऑटोकॉन्फ आर्काइव्हमध्ये असतं, तिथली प्रत घेऊन ओळीओळीने जुळवा. मधल्या आकाराच्या प्रकल्पाला यात अर्धा-पाऊण तास जातो. मेंटेनर तयार असेल तर पुढच्या वेळेपासून थेट गिट टॅगवरूनच सोर्स घ्यावी असं सुचवा. हा त्रासच मिटतो.

डेबियनने घाईने मागे येताना दिलेली आवृत्तीही बघण्यासारखी आहे : ५.६.१+रिअली५.४.५-१. आवृत्तीचा आकडा आर्काइव्हमध्ये मागे नेता येत नाही, म्हणून आतला कोड जुना आणि आकडा पुढचा. इपॉक, म्हणजे आवृत्तीच्या आधी लागणारा आकडा, वाढवून हेच साधता आलं असतं, पण इपॉक एकदा लागला की त्या पॅकेजच्या मानगुटीवर कायमचा बसतो. रिव्ह्यूमध्ये इपॉक वाढवलेला दिसला तर '+रिअली'ने भागतंय का, हे आधी विचारा.

प्रश्न : माझं डीटीपीचं काम आहे, प्रोग्रामिंग येत नाही. मराठी फॉन्टच्या पॅकेजांचे बदल मी तपासू शकतो का? (गोखले रोड, ठाणे)

तुम्हीच तपासायला हवेत. सी चा कोड वाचणारे पुष्कळ आहेत, पण 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतला फरक पडद्यावर बिघडलाय हे मराठी वाचणाऱ्यालाच कळतं.

जुना आणि नवा फॉन्ट दोन वेगळ्या फोल्डरमध्ये काढा, सिस्टिममध्ये बसवायचीही गरज नाही. 'लिबहार्फबझ-बिन' पॅकेजमधलं 'एचबी-व्ह्यू' हे साधन फॉन्टची फाईल आणि मजकूर दिला की चित्र काढून देतं. भाषेच्या पर्यायात मराठी सांगायला विसरू नका. काही फॉन्टमध्ये ल आणि श यांचं मराठी वळण भाषा मराठी असेल तरच येतं, एरवी हिंदी वळण दिसतं. म्हणून प्रत्येक शब्दाची दोन चित्रं काढा, मराठी सांगून आणि न सांगता. आधी मराठीत 'ल' पाकळ्यांचा यायचा आणि नव्या आवृत्तीत दंडाचा येत असेल, तर फॉन्टमधला भाषेचा नियम हरवला आहे.

चाचणीचे शब्द : आचार्यांना आणि आचाऱ्यांना, दर्या आणि दऱ्या, तऱ्हा, वाऱ्यावर, कुऱ्हाड. हा चंद्रकोरीसारखा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एकीत नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य. दुसरीत साधा र, हलन्त, झीरो-विड्थ जॉइनर आणि य. जुन्या दस्तऐवजांत दोन्ही सापडतात, तेव्हा दोन्ही तपासा. 'ॲ' साठीही तसंच. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ च्या ५.१ आवृत्तीत मिळाली. त्याआधीचा मजकूर अ वर अर्धचंद्र देऊन लिहिलेला असतो. शिवाय ळ ला जोडलेली अक्षरं, 'ष्ट्र', 'द्ध्य', 'ङ्म', आणि रफार, वेलांटी, अनुस्वार एकाच अक्षरावर येणारे शब्द घ्या, उदाहरणार्थ 'मूर्तींना'. तिथे खुणा एकमेकींवर चढतात.

तुमच्या धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात महागात पडणारा बदल अक्षरांत दिसत नाही, तो ओळीच्या उंचीत असतो. फॉन्टची वरची-खालची मापं बदलली की तुमचं ९६ पानांचं बांधलेलं पुस्तक ९९ पानांवर जाईल. दोन्ही आवृत्त्यांत एकच दहा पानांचा मजकूर लावा आणि शेवटची ओळ कुठे येते ते जुळवा. फरक दिसला तर 'टीटीएक्स' हे साधन फॉन्टचा मजकूर करून देतं, त्यात असेंडर आणि डिसेंडर हे आकडे शोधून रिपोर्टमध्ये दोन्ही लिहा.

फॉन्टसोबत फॉन्टकॉन्फिगची फाईल बदलली असेल, तर बसवण्याआधी आणि नंतर 'एफसी-मॅच'ला मराठीसाठी कुठला फॉन्ट निवडतोस ते विचारा. उत्तर बदललं आणि चेंजलॉगमध्ये त्याचा उल्लेख नसेल, तर बग नोंदवा.

प्रश्न : आमच्या सर्व्हरवर डेबियन १२ आहे. सुरक्षेची दुरुस्ती येते तेव्हा प्रोग्रामची नवी आवृत्ती का देत नाहीत? अशा पॅचचा रिव्ह्यू वेगळा असतो का? (महापे)

स्टेबलचा करारच असा की एकदा बसवलेल्या प्रोग्रामचं वागणं मध्येच बदलू नये. १० जून २०२३ ला डेबियन १२ आलं तेव्हाची आवृत्ती सहसा तशीच राहते आणि फक्त दुरुस्तीचा पॅच मागे नेला जातो. म्हणून नुसता आवृत्तीचा आकडा बघणारी स्कॅनर साधनं तुमच्या सर्व्हरवर चुकीचा गजर करतात. आकड्याच्या शेवटी '+डेब१२यू१' असं काही आहे का ते बघा आणि त्या त्रुटीचा सीव्हीई क्रमांक (जाहीर त्रुटींना मिळणारा नंबर) डेबियनच्या सुरक्षा ट्रॅकरमध्ये पडताळा.

रिव्ह्यू जास्त कडक असतो. दुरुस्तीशिवाय दुसरं काहीही नको : ओळींची मांडणी नको, कंपॅट वाढ नको, कंट्रोलची साफसफाई नको. तीच दुरुस्ती अनस्टेबलमध्ये आधी झालेली हवी. मागे नेलेला पॅच बिनतक्रार बसला म्हणजे तो बरोबर आहे असं धरू नका. नव्या कोडमध्ये एखादं फंक्शन लांबी तपासून मगच परत येत असेल आणि पॅच त्यावर अवलंबून असेल, पण जुन्या कोडमध्ये तेच फंक्शन काहीच तपासत नसेल, तर दुरुस्ती कागदावरच राहते. पॅच ज्या ज्या फंक्शनला हाक मारतो, ते जुन्या सोर्समध्ये उघडून वाचा. अपस्ट्रीमने दुरुस्तीसोबत टेस्ट दिली असेल तर ती आधी पॅचशिवाय चालवा. ती फसायला हवी. मग पॅच लावून चालवा.

बिल्ड डेबियन १२ च्याच रूटमध्ये करा. १३ वर केलंत तर पॅकेज नव्या लिब-सी या मूळ लायब्ररीची मागणी करेल आणि १२ वर बसणारच नाही. आवृत्तीचा क्रमही बघा : २.३-४+डेब१२यू१ ही २.३-४+डेब१३यू१ च्या आधी येते, म्हणून पुढे १३ वर अपग्रेड करताना अडत नाही.

प्रश्न : चूक दिसते, पण इंग्रजीत कसं मांडावं कळत नाही. मराठी माध्यमात शिकले आहे. आणि मेंटेनरने उत्तरच दिलं नाही तर? (कळवा)

भाषा साधी चालते, नेमकेपणा हवा. चार गोष्टी त्याच क्रमाने लिहा : कुठली फाईल आणि ओळ, त्यामुळे काय होईल, तुम्ही ते कसं पाहिलं, काय बदलावं. उदाहरणार्थ : 'पोस्टइन्स्ट, ओळ १४. दुसऱ्यांदा कॉन्फिगर केल्यावर स्क्रिप्ट फसते. कोऱ्या रूटमध्ये बसवून तेच पुन्हा बसवलं, लॉग जोडला आहे. यूजरॲडच्या जागी ॲडयूजर घ्यावा.' एवढी चार वाक्यं इंग्रजीत केली की झालं. अडलेल्या मुद्द्यावर 'हे सुधारल्याशिवाय अपलोड करू नये' आणि बाकीच्यांवर 'फक्त सूचना' असं स्पष्ट लिहा, नाहीतर समोरचा सगळ्यांना सारखंच वजन देतो. जे बरोबर आहे असं तुम्ही तपासलं तेही नोंदवा, म्हणजे पुढच्या माणसाचे कष्ट वाचतात.

उत्तर आलं नाही तर बग ट्रॅकरमध्ये पॅच जोडा आणि 'पॅच' हा टॅग लावा. दोन-तीन आठवड्यांनी एकदा आठवण द्या. गंभीर बग असेल तर अपलोडचे अधिकार असलेल्या कुणाला तरी एनएमयू करायची विनंती करता येते. मेंटेनरव्यतिरिक्त दुसऱ्याने केलेल्या या अपलोडची आवृत्ती -१ ची -१.१ होते. तो थेट न टाकता डिलेड रांगेत, समजा १० दिवसांवर, टाकायला सांगा, म्हणजे मधल्या काळात मेंटेनरला तो रद्द करता येतो. विनंतीसोबत पूर्ण डेबडिफ जोडायलाच हवा.